आईच्या बांगड्या आणि पाण्यावरचं कटर

कुंडलला आमच्या द्राक्षबागेवर दरसाल जे औषध फवारतात, ते यंदा माझ्या थोरल्या बहिणीवर फवारलं गेलं.

झालं असं, की आई गेली आणि मागं डबाभर काचेच्या बांगड्या ठेवून गेली. औंधला यमाईच्या जत्रेत दरवर्षी हातभर नव्या भरायच्या आणि जुन्या जपून ठेवायच्या, हा तिचा नेम! आमच्या लेकीनं पुण्यात काच वितळवायचं शिक्षण घेतलेलं. (आम्हाला वाटत होतं, ती कॉम्प्युटर शिकतेय.) तिनं त्या सगळ्या बांगड्या भट्टीत घातल्या आणि चांगली दोन बोटं जाड, हिरवी-तांबडी लादी करून आणली. बघून मला रडूच फुटलं.

मेढ्याहून आक्काचा फोन आला. "बाळू, आई काय तुझ्या एकट्याची व्हती व्हय रं?"

"न्हाई गं! निम्मी लादी तुझी!"

बोलून बसलो. आता निम्मी करायची कशी?

सांगलीत दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "काच कोरडी कापली तर तडकणार. हे टेबलावरचं कटर घ्या. खाली पाण्याचा ट्रे, वर बारीक हिऱ्याचं पातं. पाणी आपलं थेंबथेंब पडत राहतं."

पण माझा डोळा शेजारच्या फरशीवाल्यांच्या हातकटरवर! दणकट, लालभडक!

"हे द्या."

"त्याला पाण्याची सोय नाही, काका."

"पाण्याचं आमाला नका सांगू. आमी द्राक्षवाले हाय!"

रविवारी आक्का आली, ठेवणीतली मोतिया साडी नेसून. अंगणात लादी मांडली. बायकोच्या हातात फवारणी पंपाची गन दिली.

"आवं, थेंबथेंब म्हणाला न्हवं त्यो?"

"जास्त पाणी म्हंजे काच जास्त गार. सोड तू!"

मी कटर सुरू केलं, तिनं पाणी सोडलं. पंपात बागेवर मारायचं कालचं बोर्डो औषध उरलेलं! मोरचुदाचा निळा फवारा लादीवर आदळला, उलटा फिरला आणि आक्का पदरापासून पायापर्यंत निळी! "बंद कर, बंद कर!" मी बोंबललो, पण मशीनच्या आवाजात ऐकतंय कोण? माझ्या डोळ्यांवर निळं, हातात कटर, आणि टक्! लादीचा कोपरा उडाला.

मशीन थांबलं. आम्ही तिघंही अंगणात रांगत तो तुकडा शोधायला लागलो. आईचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि तेही मी फोडलं.

तुकडा आक्काला सापडला. तिनं तो पदरानं पुसला (पदर निळा, त्यामुळं तुकडाही निळा!) आणि जी खाली बसली, ती उठेचना.

"हिचा आवाज येत न्हाई रं, बाळू. आई भाकरी थापायची, तवा बांगड्या कशा वाजायच्या!"

पहाटे त्या आवाजानंच मी जागा व्हायचो. जाग अजूनही त्याच वेळेला येते. मग नुसता पडून राहतो.

"ऱ्हाऊ दे, कापू नगंस," आक्का म्हणाली. "निम्मी घिऊन गेले तर मला हितं यायला काय ऱ्हायलं? आई व्हती तवा कारण लागत नव्हतं. आता लागतंय."

तेव्हापासून आक्का महिन्या-दोन महिन्यांनी येते. निघायच्या आधी तिचा फोन येतो, "लादी हाय न्हवं? कापली न्हाईस न्हवं?"

"न्हाई गं, मला कुठलं जमतंय!" मी म्हणतो, आणि तिचा लगेच विश्वास बसतो. माझ्या बिनडोकपणाचा या घराला उपयोग झाला, तो एवढाच!