शंखोल बेटाचे मालक

आमच्या बाबांच्या मालकीचं एके काळी एक अख्खं बेट होतं. ही मालकी एका रविवारी दुपारी चहापोह्यांबरोबर सुरू झाली आणि चहा निवायच्या आत संपली.

बेटाचं नाव शंखोल. ते मी काढलं होतं, कागदावर, काळ्या शाईने. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मुलुंडहून फोर्टला नोकरीला जायचे आणि उरलेल्या वेळात नसलेल्या देशांचे नकाशे काढायचे. डोंगर, खाड्या, राक्षसांच्या गुहा, सगळं मनचं. असलं वेड मला एकटीलाच आहे असं वाटायचं. मग ऑफिसातल्या नलू सावंतच्या ड्रॉवरमध्ये एक वाळवंट सापडलं. तिच्या शेजारचे जाधवसर शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यांच्याकडे तर तीन राज्यं आणि एक चालू युद्ध निघालं. दर रविवारी आम्ही तिघं आमच्या घरी जमायचो आणि एकमेकांच्या नकाशांतल्या चुका काढायचो. सरांचा एकच नियम होता, कौतुक करायचं नाही. "कौतुकाला घरी आई असते," ते म्हणायचे. (माझी आई म्हणायची, "एवढ्या वेळात दोन स्वेटर झाले असते.")

त्या रविवारी मला बघायला अंधेरीहून मंडळी येणार होती. आमच्या हॉलच्या भिंतीला ओल आली होती, आणि तो डाग झाकायला आईला घरात त्या मापाची एकच वस्तू सापडली. तिने शंखोल बेट भिंतीवर ठोकलं. मी निऱ्यांशी झगडत होते, त्यामुळे ते पाहिलं नाही. त्याच गडबडीत नलूला आणि सरांना 'आज येऊ नका' सांगायचंही विसरले.

मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि त्याचे परबमामा. मुलगा पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढण्यात गुंतला. बोलायचं खातं मामांकडे होतं. ते हात मागे बांधून भिंतीसमोर उभे राहिले.

"हे कुठलं हो?"

बाबा गडबडले. लग्नाच्या वयाची मुलगी राक्षसांचे देश काढत बसते, हे स्थळासमोर कोण सांगणार?

"आमच्या गावाकडचं," बाबा म्हणाले.

"एवढं सगळं?"

"म्हणजे... हो. पूर्वापार."

(गावाला आमचा भावकीतल्या एका फणसात वाटा होता. तोही ज्या बाजूला फणस धरत नसत त्या बाजूचा.)

मुलाच्या आईने माझ्याकडे पहिल्यांदाच प्रेमाने पाहिलं.

"राक्षसदरी?" मामांनी चष्मा सरसावून वाचलं.

"नाव आहे नुसतं. गावाकडे ठेवतात असली नावं. आत काजू आहे."

"आणि ही टिंबं?"

"नारळ."

ती थडगी होती. पण बाबांना आता रंग चढला होता. त्यांनी खाडीत कोळंबी सोडली, पठारावर हापूसची कलमं लावली आणि माझ्या बर्फाच्या कड्यावर सुपारीची बाग उठवली. मी ट्रे धरून ऐकत उभी होते.

एवढ्यात बेल वाजली. दारात नलू आणि जाधवसर. सरांना माणसांच्या आधी नकाशा दिसला.

"ही नदी काढून टाक," सर चपला काढता काढता म्हणाले. "एक नदी दोन समुद्रांना मिळते का कधी?"

"काढून टाक म्हणजे?" परबमामांनी विचारलं.

"खोडायची. फार तर डोंगर सरकवा."

"अगो," नलू पुढे होऊन म्हणाली, "ह्या गावातली माणसां गेल्या रविवारी मेली ना सगळी? मग नाव कशाला ठेवलंस?"

मुलाची आई उठून उभी राहिली. "कोण मेलं?"

"सगळेच," सर समजुतीने म्हणाले. "साथ आली. आम्हीच आणली. वस्ती फार झाली होती."

मुलाच्या हातातला शेंगदाणा पडला. मी बाबांकडे पाहिलं. ते हळूच खुर्चीत बसले.

"बेट तिचं आहे," ते म्हणाले. "मनातलं. मी उगाच बोललो. माझा गावाला फणसात वाटा आहे, एवढंच." मग म्हणाले, "पण तिचा हात बघा. समुद्राची एकेक लाट वेगळी काढलीय."

बाबांनी कधी माझ्या लाटा पाहिल्या असतील, हे मला ठाऊकच नव्हतं. स्थळ डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि मला मात्र विलक्षण बरं वाटत होतं.

नकार आला. पत्रिका जुळत नाही, असं कळवलं. (पत्रिका कुणी मागितलीच नव्हती.)

पुढच्या रविवारी आम्ही तिघं नकाशे पसरून बसलो होतो, तर परबमामा एकटेच दारात उभे. आईला वाटलं, विचार बदलला. ती कांदा चिरायला धावली. बाबांनी घाईघाईने शर्ट चढवला. मामांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरळी होती.

"मी स्थळासाठी नाही आलो," ते चाचरत म्हणाले आणि सुरळी उलगडली. रंगीत पेन्सिलींनी काढलेला एक देश होता, घड्या पडून पडून विरलेला. "घरी दाखवायची सोय नाही, हसतात. त्या दिवशी हे सर म्हणाले ना, नदी काढून टाक... मला वाटलं, माझ्या नदीबद्दल कुणी इतकं मनापासून बोललं तर काय बहार येईल."

सरांनी बराच वेळ नकाशा पाहिला. "हा डोंगर इथे कशाला?"

"पुसतो," मामा म्हणाले. बोलणी खाऊन इतका खूश झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मग मामा वर्षानुवर्षं येत राहिले. डोंगरांना सावली कशी द्यायची ते मला त्यांनी शिकवलं. 'चुकलंय' हा शब्द हसत ऐकायला मी त्या तिघांमुळे शिकले. नोकरीत, संसारात तो धडा फार उपयोगी पडला. त्या एका नकाराचे उपकार मी अजून मानते.

यथावकाश घाटकोपरला माझं लग्न झालं. लग्नपत्रिकेच्या मागे लग्नाच्या हॉलपर्यंतचा नकाशा मी हौसेने स्वतः काढला. झाडं, पूल, कोपऱ्यात छोटं गलबतसुद्धा. त्या नकाशाबरहुकूम आमचे निम्मे पाहुणे दुसऱ्याच लग्नाला पोचले, आहेर देऊन पोटभर जेवले. परबमामा संध्याकाळी आमच्याकडे आले.

"जेवण उत्तम होतं," ते म्हणाले. "नवरी तू नव्हेस, हे आहेर दिल्यावर कळलं. सावली झकास दिलीयस, पण उत्तर दिशा तेवढी बघ."

तेव्हापासून मी फक्त नसलेल्या जागांचेच नकाशे काढते. तिथे कुणी जेवायला जात नाही.