पहिल्या काचेवरची बाई

मस्तगडच्या आमच्या फोटो स्टुडिओत आता पासपोर्टचे फोटो, झेरॉक्स आणि वाढदिवसाचे कप एवढंच चालतं. पण दुकानाच्या मागे वडिलांनी बांधलेली डार्करूम मी मोडली नव्हती. त्या खोलीचं कुणाकडून तरी ऐकून मे महिन्यातल्या एका सकाळी त्या बाई भोकरदनहून बसने आल्या.

वय सत्तरीच्या आसपास. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. खांद्याची कापडी पिशवी त्यांनी काउंटरवर इतक्या हळू ठेवली की मी हातातलं काम थांबवून बघत राहिलो. पिशवीत पत्र्याचा चपटा डबा होता आणि डब्यात काळ्या कागदात गुंडाळलेल्या सहा काचा.

"माझ्या पणजोबांच्या आहेत," त्या म्हणाल्या. "इथं छावणीत साहेबाच्या हाताखाली फोटो काढायला शिकले. मंग गावोगाव हिंडून स्वतःच काढायचे. त्यांची वही पण आहे घरी, मोडीत लिहिलेली. रिटायर झाल्यावर मी मोडी शिकले, तेव्हापासून वाचून राह्यले. अर्धीच झालीये."

डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवला होता. त्यावरची मोडी ओळ बाईंनी बोट फिरवत वाचली. "छाया घेतली. धुणे बाकी."

म्हणजे या काचांवर फोटो काढून झाले होते, पण औषधात घालून ते वर आणायचे राहून गेले होते. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ते तसेच अंधारात पडून होते.

वडिलांकडून मी या काचांबद्दल खूप ऐकलं होतं. त्यांच्या आधी फोटोग्राफर काचेवर ओलं औषध ओतायचा आणि ते सुकायच्या आत फोटो काढून तिथंच धुवायचा. तंबू, बाटल्या, पाणी सगळं गाडीत घालून हिंडायचा. मग जिलेटिनमध्ये चांदीचा क्षार कालवून काचेवर त्याचा थर द्यायची रीत निघाली. ही काच कोरडी. घरी करून ठेवायची, बाहेर नेऊन फोटो काढायचा आणि सवडीनं धुवायची. बाईंच्या पणजोबांना ती सवड मिळाली नाही. "पटकीनं गेले," बाई म्हणाल्या. "दोन दिवसांत."

गेल्या पावसाळ्यात बाईंच्या घरी डब्यात ओल शिरली होती. कागदाच्या कडांना बुरशी आलेली दिसत होती. पुढचा पाऊस या काचा काढतील असं त्यांना वाटत नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबा म्हणाल तर थांबते, भाऊ. मला घाई न्हाई."

इथं मी सांगायला हवं होतं, की डबा माझ्याकडे कोरड्या जागी ठेवा आणि डिसेंबरात या. जिलेटिन गरमीत मऊ पडतं. पाणी जरा कोमट असलं तरी थर काचेवरून सुटतो. मला हे सगळं ठाऊक होतं. बायकोनंही आत बोलावून विचारलं, "अहो, इतकी जल्दी कशाला? ह्या उन्हात?" पण वडिलांच्या खोलीत पुन्हा लाल दिवा लावायचा, तोही असल्या कामासाठी, ह्या विचारानं माझे हात शिवशिवत होते. मी म्हणालो, "बर्फ आणतो. एक काच करून बघू."

दोन दिवसांनी बाई परत आल्या आणि सकाळी अकरा वाजता मी दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. ज्या कागदावर एकचा आकडा होता ती काच उचलली. बाई दाराबाहेर स्टुलावर बसल्या. आत इतकं उकडत होतं की चष्म्यावर घामाचे थेंब पडत होते. औषधाचा ट्रे मी बर्फात ठेवला होता. काच आत सोडली, ट्रे हलवायला लागलो. मिनिट गेलं, दोन गेली. काच सगळीकडून राखाडी व्हायला लागली. जुन्या काचेवर असा धूर चढतोच. मला वाटलं, गेली.

आणि मग त्या धुरातून एक बाई वर आली.

उभी होती. उलटी छाया वाचायची मला सवय आहे. चेहरा काळा दिसत होता, म्हणजे मुळात उजेडात असलेला. डोक्यावर पदर. दोन्ही हात पुढे करून तिनं काहीतरी चौकोनी, कडांना धरलं होतं. मी वाकून बघितलं. काच होती ती. एक कोरी काच धरून ती सरळ माझ्याकडे बघत होती.

बाहेरून बाईंचा आवाज आला, "काही दिसतंय का, भाऊ?"

"थांबा," मी म्हणालो. ओरडलोच म्हणा.

मी काच उचलून शेजारच्या धुण्याच्या ट्रेमध्ये ठेवली. हात पाण्यात गेला. पाणी कोमट होतं. सगळं लक्ष औषधाच्या ट्रेकडे. हा दुसरा ट्रे मी गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली भरला होता आणि त्यात बर्फ घालायचा राहून गेला होता. काच काढायला गेलो तोवर कडेला सुरकुत्या आल्या. दुधावरची साय सरकावी तसा थर एका बाजूनं सरकला. मी बोटानं थोपवायला गेलो तर तो बोटालाच गुंडाळला. चेहरा दुमडला, फाटला, पाण्यात त्याच्या चिंध्या झाल्या. हातात नुसती स्वच्छ काच राहिली.

मी ट्रे मोरीत ओतला, दार उघडलं आणि म्हणालो, "कोरी निघाली, बाई. त्यावर काहीच नव्हतं."

त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली. "असू द्या. पाच आहेत अजून." उलट त्यांनीच मला पाणी प्यायला दिलं. डबा माझ्याकडेच ठेवून त्या दुपारच्या बसनं गेल्या.

बायकोला मी त्याच दिवशी खरं सांगितलं. ती बराच वेळ कप छापत राहिली. मग म्हणाली, "काच फुटली असती तर निसटली म्हणता आलं असतं. हे तर तुम्ही तोंडानं केलं."

पुढचे चार दिवस फोन वाजला की मी दचकायचो. पाचव्या दिवशी तो आलाच. "भाऊ, वहीच्या शेवटच्या पानावर यादी सापडली. सहा काचांची. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन आल्या. मी शटर अर्धं ओढून घेतलं. बायको आतून येऊन माझ्यामागे उभी राहिली. बाईंनी कागदावर देवनागरीत उतरवून आणलेलं वाचलं. दोन, छावणीतला घोड्यांचा तबेला. तीन, भोकरदनचा बाजार. चार, नदी. पाच, पाटलाची मुलं. सहाव्या काचेपुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"आणि एक?" मी विचारलं.

"एक, घरातली." त्यांनी कागद खाली ठेवला. "म्हणजे माझी पणजी. तिचा फोटो कुठंच न्हाई आमच्याकडं. हे वाचलं आणि रात्रभर वाटत राह्यलं, की पणजोबांनी घरच्या माणसाची छाया घेतली असं लिहिलंय, तर ती कोरी कशी निघेल? माणूस यादीत खोटं कशाला लिहील?"

बायको मागे उभी आहे हे मला पाठीत जाणवत होतं.

"त्यांनी खोटं लिहिलं न्हाई," मी म्हणालो. "खोटं मी बोललो."

आणि सगळं सांगितलं. बर्फ, नळ, कोमट पाणी, मोरी. सांगताना मी त्यांच्या हातांकडेच बघत होतो. ते वहीवर गच्च आवळले होते.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "मोरीत," एवढंच म्हणाल्या. मग उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या, उन्हात. बायको त्यांच्यामागे जायला निघाली तर मी तिला हातानं थांबवलं. त्या डबा घेऊन जाणार, जायलाच पाहिजे, असं मी धरून चाललो होतो.

दहाएक मिनिटांनी त्या आत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. आवाज वर्गात प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा होता. "तिला तुम्ही पाह्यलं. दुसरं कुणी जिवंत माणूस न्हाई तिला पाहिलेलं. काय दिसलं ते सांगा. जेवढं दिसलं तेवढंच. सजवू नका."

मी डोळे मिटले. पदर सांगितला. सरळ नजर सांगितली. खुर्ची नव्हती, पडदा नव्हता, मागे बहुतेक मातीची भिंत. हातात कोरी काच. "आणि बोटं," मी म्हणालो. "बोटांची टोकं विचित्र होती. सगळा हात काळा उठला होता आणि टोकं मात्र पांढरी राहिली होती, जशी काही नाहीतच. उलट्या छायेत पांढरं म्हणजे खऱ्या हातावर ती काळी असणार."

बाई एकदम पुढे झुकल्या. "काळी? बराबर आठवतं?"

"बिलकुल. दोन्ही हातांची. चांदीच्या क्षारानं तशी होतात. हा थर करताना बोट लागलं की डाग पडतो, उन्हात काळा होतो आणि कितीही घासला तरी कातडी गळेपर्यंत जात नाही. रोज हे काम करणाऱ्याचाच हात असा होतो."

मग बाई हळूहळू सांगायला लागल्या. पणजीला महारोग होता असं त्यांच्या घरात चालत आलं होतं. तिचे हात काळे पडले होते, म्हणून तिच्या हातचं कुणी खात नसे. नवरा गेल्यावर तिला वेगळी चूल दिली. ती कशी मेली तेही कुणी नीट सांगत नसे. बाईंची आत्या तर तिचं नावही तोंडातून काढायची नाही. "म्हणून आम्ही पोरी एकमेकींची बोटं तपासायचो," त्या म्हणाल्या. "कुणाची काळी पडतात का म्हणून."

मग त्यांनी वही उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. मोडी मला येत नाही, पण अक्षर दोन तऱ्हेचं आहे एवढं कुणालाही दिसलं असतं. एक तिरपं, घाईचं. दुसरं गोल आणि सुटं. यादी, गावं, गिऱ्हाइकं सगळी तिरप्या अक्षरात. जिलेटिन किती, ते किती वेळ कोमट ठेवायचं, गाळायचं कुठल्या कापडातून, काच कशी पुसायची, हे सगळं गोल अक्षरात. "मला वाटायचं, एखाद्या कारकुनाकडून लिहून घेतलं असेल. हे तर तिचं अक्षर," बाई म्हणाल्या. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "उन्हाळ्यात धुण्यापूर्वी तुरटीचे पाणी. नाही तर थर सुटतो."

ती ओळ ऐकल्यावर मला तिथं बसवेना.

बाईंनी डबा नेला नाही. "आता मी आत बसणार," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं येऊन सकाळी आठलाच त्या डार्करूममध्ये होत्या. तिन्ही ट्रे बर्फात. मी प्रत्येक पाण्यात हात घालून बघितला, मग त्यांनी घालून बघितला. काच आधी तुरटीच्या पाण्यात. बुरशी जास्त दिसत होती त्या दोनच काचा घ्यायचं ठरलं, बाकीच्या थंडीत.

तबेल्याची काच काळी ठिक्कर पडली. तीत काहीच उरलं नव्हतं, आणि या वेळी ते बाईंनी स्वतः पाहिलं.

तिसरी काच मी ट्रेमध्ये सोडताना त्यांनी माझं मनगट धरलं. धूर चढला. धुरात रेघा दिसायला लागल्या, बांबू, ताडपत्र्या, पाट्या. बाजार होता. माणसं वळताना, वाकताना, चालताना सापडली होती. कुणालाही फोटोसाठी उभं केलेलं नव्हतं. मी ती एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेली. थर हलला नाही. कडासुद्धा उचलल्या नाहीत.

काच वाळल्यावर मी तिचा सुलटा फोटो कॉम्प्युटरवर करून दाखवला. पुढच्या बाजूला एक भाजीवाली मागे मान टाकून हसत होती. बाई स्क्रीनला नाक लावून बघत बसल्या. "ही कोण असेल हो?" त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "कोणी का असेना, दात काय चांगलेत तिचे." त्या दिवसात पहिल्यांदा बाई हसल्या.

जाण्याआधी त्यांनी माझ्याकडून पहिल्या काचेवर जे दिसलं ते सगळं लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली. मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पुढं दिवाळीत भावंडं जमली तेव्हा त्यांनी तो कागद आणि वहीतली गोल अक्षरातली पानं सगळ्यांना वाचून दाखवली. त्यांचा थोरला भाऊ मध्येच उठून बाहेर गेला, म्हणाला जुनं कशाला उकरता. धाकटी बहीण मात्र रडली.

डिसेंबरात आम्ही उरलेल्या तीन काचा धुतल्या. नदी आली. पाटलाच्या मुलांपैकी एकाचं फक्त धोतर आणि पाय आले. सहाव्या काचेवर, जिच्यापुढे यादीत काहीच लिहिलेलं नव्हतं, रिकामं अंगण होतं आणि दोरीवर वाळत घातलेलं एक लुगडं, बाई म्हणाल्या तिचंच असणार, वाऱ्यानं हललेलं.