घाण्यामागं एक मूठ

बनुबाई बाजाराला फारशी जात नाही. कुणी भाव विचारला तर म्हणते, मला काय ठावं, मी कढईपुढनं उठती कवा? तरी आमच्या गावात काय महागलं हे सगळ्यांच्या आधी तिला कळतं.

आमचं गाव कवठे महांकाळपासून तासाभराच्या आत. फाट्यावर शमशेरचा डंक आहे. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र, लोखंडी मुसळं वरखाली आपटतात आणि खाली लाल भुकटी होते. आमच्याकडे वर्षाची चटणी एकदाच करतात, फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. घरोघरच्या बाया वाळवलेली मिरची, धणे, खोबरं, तीळ, गरम मसाल्याच्या पुड्या घेऊन येतात. ते सगळं तेलावर भाजायचं काम बनुबाईचं. तीस वर्षं झाली. आधी तिची सासू भाजायची. नवरा, जोतीराम, सांगलीच्या यार्डात हळदीची पोती उचलायचा. तो वारून सहा वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन साताऱ्याकडे दिलेली. बनुबाईला कढई आहे, उलथनं आहे आणि सकाळ-संध्याकाळ देवीचं देऊळ आहे.

भाजायचं म्हणजे नुसतं हलवायचं नाही. धणे कधी उतरवायचे, खोबरं कुठल्या रंगावर थांबवायचं, दगडफूल शेवटी का टाकायचं, हे तिच्या हातात आहे. समोर कुणाचं ताट आलं की ती आधी पुड्या बघते. पहिल्यांदा ताटांतून रामपत्री गेली. मग नाकेश्वर, म्हणजे नागकेशर. मग खसखस इतकी कमी झाली की पुडीत कागदच जास्त दिसायचा. यंदा मिरची तशी आवाक्यात होती, पण खोबरं दुपटीवर गेलं आणि तेलानंही मान वर काढली. किलोभर खोबरं आणणाऱ्या घरांनी दोन वाट्या आणल्या. दोघी-तिघींनी खोबऱ्याच्या जागी शेंगदाणे आणून दिले आणि तिच्याकडे न बघता उंबऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. बनुबाईनं शेंगदाणेही भाजले. मंद आचेवर, खोबऱ्याला लावते तितकाच वेळ लावून.

काही घरं आलीच नाहीत. ती आता दुकानातनं तयार चटणीच्या दहा-दहा रुपयांच्या पुड्या नेतात. त्या हिशोबानं वर्षाला पैसे जास्तच जातात, हे त्या बायांनाही कळतं. पण एकदम तीन-चार हजार हातात नसतात, दहा रुपये असतात.

बनुबाईच्या पाटाशेजारी एका चौरंगावर चिनी मातीची मोठी बरणी असते, तोंडाला लाल फडकं बांधलेली. ती देवीची. वैशाखात मरगुबाईची जत्रा असते, तेव्हा सगळ्या गावाला अख्ख्या मसुराची आमटी आणि भात असतो. त्या आमटीला चटणी लागते ती या बरणीतली. रीत अशी की प्रत्येक घाण्यामागं, म्हणजे एका वेळच्या कांडपामागं, एक मूठ देवीची. घाणा पाच किलोचा असो की वीस किलोचा, मूठ एकच, आणि ती भाजणारीनंच घालायची. बरणी गळ्यापर्यंत भरायला सव्वाशे-दीडशे मुठी लागतात. शमशेरच्या वडलांनी डंक घातला तेव्हापासून तो चौरंग तिथंच आहे. रमजानात शमशेर दुपारी डंक बंद ठेवतो, तेव्हाही परवीन, त्याची बायको, बरणीवरचं फडकं रोज झटकून पुन्हा बांधते.

पूर्वी बरणी पाडव्याच्या सुमाराला भरायची. मग बनुबाई फडक्याला गाठ मारायची आणि पुढच्या घाण्यांना मूठ माफ. यंदा पाडवा गेला, हनुमान जयंती गेली, आणि बरणी निम्मीसुद्धा नव्हती.

कारण उघड होतं. विजेचं बिल वाढलं, यंत्राचा पट्टा महागला, म्हणून शमशेरनं यंदा नेम केला की पाच किलोच्या आत आणलं तरी पाच किलोचे पैसे. त्याचाही इलाज नव्हता. मग बायांनी यावर तोड काढली. तीन-तीन घरं एक होऊन यायला लागली. मिरची एकत्र, मसाला एकत्र, नंतर घरी जाऊन तोलून वाटून घ्यायची. घरं तीन, घाणा एक. आणि मूठ घाण्याची.

शमशेर तिला म्हणाला, मावशी, तीन घरं हायत तर तीन मुठी घ्या, कोण न्हाई म्हणंल? बनुबाईनं मान हलवली. मूठ घाण्याची हाय, घराची न्हाई, सासूनं तसंच सांगितलंय. पण तेव्हापासून तिची मूठ जरा मोठी झाली. परवीननं ते पाहिलं आणि मला नंतर सांगितलं. बोटं जितकी पसरतील तितकी पसरून ती घ्यायची. मुद्दाम की नकळत, ते तिचं तिलाच माहीत.

जत्रा पंधरा दिवसांवर असताना जत्रा कमिटीचे नाथाजी डंकावर आले. नाथाजी फौजेतनं हवालदार होऊन आलेले, त्यांना सगळं वेळेत लागतं. त्यांनी फडकं सोडून बरणीत डोकावलं आणि विचारलं की राशन कमी पडतंय का. मग म्हणाले, काळजी नको, कमी पडेल तेवढी तयार चटणी सांगलीहून मागवू, वर्गणीत बसवू. बनुबाई कढईतून नजर न काढता म्हणाली, देवीच्या आमटीत इकतची चटणी कवा पडली न्हाई. नाथाजी म्हणाले, मसूर विकत, तांदूळ विकत, तेल विकत, मग चटणीलाच काय झालं? नाथाजींचं बोलणं सरळ होतं. पण ते जाताना तिनं त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्याच आठवड्यात दीपमाला आली.

दीपमाला आमच्याच आळीतली, पंचविशीची. दिवाळीनंतर सासरच्यांपासून वेगळी झालेली. नवरा सांगलीत विश्रामबागेत एका एटीएमवर राखण करतो, रविवारी येतो. आळीतल्या बायांचे घाणे होऊन गेले होते, जोडीला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती एकटीच आली. दीड किलो मिरची. पण ताट बघून बनुबाईनं मान वर केली. सगळं होतं. थोडं थोडं, पण सगळं. खसखस, नाकेश्वर, चार लवंगा जास्तच, आणि खोबरं, शेंगदाणे नव्हेत. परवीननं काटा बघितला आणि पाच किलोच्या पैशांचं नाव काढलं नाही.

बनुबाईनं ते मन लावून भाजलं. घाणा निघाला, चाळला, रंग सुरेख उतरला. दीपमालानं डबा पुढं केला, आणि बनुबाईनं सवयीनं हात घालून मूठ भरली. ती नवी, पसरलेली मूठ. ती बरणीत टाकून तिनं हात झटकला.

दीपमाला डब्यात बघत होती. एवढ्या थोड्या चटणीत मुठीचा खड्डा दिसत होता. ती रागानं बोलली नाही.

"मावशी, तुमच्या मुठीत माझं आठ दिसांचं कालवण गेलं."

मग आपण काय बोललो हे तिला कळलं असावं. देवीचं हाय, जाऊ द्या, असं म्हणून तिनं झाकण लावलं आणि निघाली. बनुबाई बसूनच राहिली. कढईतले पुढच्या घाण्याचे धणे करपले. तीस वर्षांत धणे करपल्याचं परवीनला आठवत नाही.

देवीच्या बरणीत पडलेलं परत काढता येत नाही. काढता आलं असतं तर सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती देवळात गेली आणि गुरवाला, अर्जुनाला, कौल लावायला सांगितलं. देवीला ओलं फूल चिकटवायचं, उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. तिनं मनात विचारलं की मूठ मोडून चिमूट केली तर चालंल का, घाण्यामागं नव्हे, घरामागं. अर्जुनानं फूल लावलं. ती हात जोडून बसली. फूल काही पडेना. उजेड झाला, दुधाची गाडी येऊन गेली. अर्जुना म्हणाला, पंखा लावू का? ती म्हणाली, तसला कौल नगं. आणखी अर्धा तास ती बसली. डंकावर बाया खोळंबल्या असतील म्हणून शेवटी उठली आणि देवीला म्हणाली, तू बस इचार करत, मला काम हाय.

त्या दिवसापासून तिनं तीन बोटांची चिमूट घ्यायला सुरुवात केली. फूल दुपारी उजवीकडे पडलं असं अर्जुना सांगतो. बनुबाई म्हणते, पडलं आसंल.

एवढ्यावर ती थांबली नाही. संध्याकाळी डंक बंद झाला की वाटी घेऊन ती आळ्यांमधनं फिरू लागली. गुडघे दुखतात, त्यासाठी मिरजेच्या दवाखान्यात जायचं होतं; एसटीचं बायकांचं अर्धं तिकीटही आता वाढलंय म्हणून ते तिनं जत्रेपुढं ढकललं. जी घरं डंकावर आलीच नव्हती तिथंही गेली. एक चिमूट घाला, म्हणायची. जास्त कुणी घालायला लागलं तर वाटी मागं घ्यायची. आमच्या घरीही आली, आमची मूठ तर आधीच गेली होती. तसं म्हटल्यावर म्हणाली, मग तुमचं झालं, चहा द्या.

पुड्या आणणाऱ्या बाया ओशाळल्या. एकीनं सांगितलं, मावशी, आमच्यात दुकानातली हाय, देवीला चालंल का? बनुबाईनं वाटी पुढं केली. तुमी घरात तीच खाता न्हवं, मग तुमच्या घरची झाली ती.

हे ऐकून नाथाजींनी तिला डंकावर येऊन गाठलं. म्हणाले, बनुबाई, शेवटी इकतचीच घातली की तुम्ही. मीच मागवली असती तर काय बिघडलं असतं?

"आवं भाऊ, तुमी पोतं मागवणार हुता. मी चिमूट मागितली."

नाथाजी हसले. पण बरणी बघितल्यावर हसू गेलं. आठ दिवसांत चिमटी चिमटीनं ती चार बोटं चढली होती, त्याहून जास्त नाही. गळा लांबच होता. चिमटीनं बरणी भरत नाही हे बनुबाईला पहिल्या दिवशीच कळलं असणार. नाथाजी म्हणाले, आठशे माणूस जेवतं, आमटी सपक होईल, लोक नावं ठेवतील. ती म्हणाली, ठेवू द्या, आहे तेवढ्यात करा, वर काही घालू नका. नाथाजींनी कमिटीत विषय काढला. कुणीतरी विचारलं की चटणी कुणाकुणाची आहे. अर्जुनानं सांगितलं, गावात चूल पेटती त्या सगळ्यांची. मग सांगलीची चटणी मागवायची राहून गेली.

जत्रेच्या दिवशी आमटी रंगानं फिकी होती, हे खरं. पहिल्या पंगतीत जुन्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं वाढप्याला विचारलं, का रं, देवीला पित्त झालंय का यंदा? पंगत हसली. दोघा-चौघांनी हिरव्या मिरच्या मागवून घेतल्या आणि आमटीसोबत चावल्या. भात मात्र दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागितला गेला. एवढंच झालं.

बायांची पंगत शेवटी बसली. वाढून वाढून थकलेली बनुबाई दीपमालाच्या शेजारी बसली. त्या दिवसानंतर दोघी बोलल्या नव्हत्या. दीपमालानं भात कालवला, दोन घास खाल्ले आणि आपणहून म्हणाली,

"मावशी, तिखट कमी हाय. पर मसाला कळतोय. नाकेश्वर कळतंय."

"तुझंच हाय ते," बनुबाई म्हणाली. "यंदा दुसऱ्या कुणी आणलंच न्हवतं."

दीपमालानं आणखी आमटी घेतली.

जत्रेनंतर आठवडाभर डंकाला काम नसतं. बनुबाई बरणी धुऊन, पुसून, उन्हात पालथी घालून बसली होती. मी आमच्या तिळाचा राहिलेला डबा न्यायला गेले होते. शमशेर यंत्राला तेल देत होता. ती त्याला म्हणाली, एवढी मोठी बरणी आता कशाला, चिमटीनं भरायची तर लहानच बरी. सांगलीला जाशील तवा दोन किलोची बघून ये. शमशेर म्हणाला, परवाच बघितली, परवीनला लोणच्याला पाहिजे होती. आणि त्यानं किंमत सांगितली.

बनुबाईनं पालथ्या बरणीवरून एकदा हात फिरवला, ती तापली होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हीच बरी. जरा उणी ऱ्हाईल, एवढंच."