पहिल्या नकाराला

मनीषनगरच्या गोपिकाबाईंचं जर्मन पक्कं आणि हेका त्याहून पक्का. नर्सिंग झालेल्या पोरींना त्या जर्मन शिकवत. स्वतः जर्मनी कधी पाहिली नाही, आणि हा विषय कोणी काढला की भडकत. मी त्यांच्याच क्लासात व्याकरण घ्यायचो, म्हणून मला ठाऊक.

पुस्तकातले धडे त्यांना कोरडे वाटत. मग त्या वर्गातच पंगत मांडायच्या. एक पोरगी पाहुणी, दुसरी वाढणारी. पाहुणीनं जर्मनमध्ये ‘नको’ म्हणायचं, वाढणारीनं ‘घ्या हो, थोडंसंच’ म्हणत वाढायचंच. वाढणारीनं हात मागे घेतला की बाईंचा पारा चढे. आपल्याकडे पहिल्या नकाराला कोण जुमानतं? या खेळात कुही गावची वैभवी सगळ्यांत तरबेज. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात तिला नोकरी लागली, तेव्हा बाईंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

पाचव्या महिन्यात वैभवी परत आली. तिथल्या एका म्हातारीनं सूप नको म्हटलं होतं. वैभवीनं बाईंचंच वाक्य म्हणत मायेनं आणखी एक चमचा तोंडाशी नेला, मग आणखी एक. म्हातारी रडायला लागली. आईला जबरदस्तीनं भरवलं, अशी तिच्या मुलानं तक्रार केली आणि वैभवीची नोकरी गेली. तिथे नको म्हणजे नकोच, हे पोरीला सांगायचं काम बाईंचं होतं. माझंही होतं, पण मी आपला व्याकरणात डोकं घालून बसलो.

बाई माफी मागायला कुहीला निघाल्या, मी सोबत. वैभवीची आई कौसल्याबाई लागट काही बोलल्या नाहीत, त्यांनी पानं मांडली. वैभवी मात्र समोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, तुम्ही शिकवलं तसंच केलं मी. मग माह्यं काय चुकलं?”

“तुह्यं नाही वं, माह्यं चुकलं,” बाई म्हणाल्या.

आम्ही जेवायला बसलो. वैभवी दुसऱ्यांदा भात घेऊन आली, तसा बाईंनी सवयीनं ताटावर हात आडवा धरला, नको म्हणाल्या. वैभवी लगेच थांबली. “बरं,” म्हणाली आणि पातेलं घेऊन आत गेली.

बाईंचा हात ताटावर तसाच राहिला. कौसल्याबाईंनी मान खाली घातली.

“तिकडून आल्यापासून अशीच करून राहिली, बाई,” त्या म्हणाल्या. “आपल्या बापालेही दुसऱ्यांदा घे म्हणत नाही.”

बाई त्या ताटावरच रडल्या.