कोंडीरामची बोंबील-बाई

कोंडीराम म्हणजे एक वल्लीच! मूळचा साताऱ्याकडचा, लालबागच्या गिरणीत मागावर काम करणारा. पण जीव सगळा मातीत आणि कागदाच्या लगद्यात. चाळीच्या गणपतीचा देखावा दर वर्षी त्याच्याच हातचा. अठ्ठावन्न साली मंडळानं विषय ठरवला : दर्यातली माणसं वर येऊन सांगतात, मुंबई महाराष्ट्राचीच. लोकांना वाटलं, कोंडीराम चार गोऱ्यागोमट्या बाया करील, खाली माशाची शेपटी डकवील, झालं काम. छे! हा बाबा तेवढ्यावर थांबणारा नव्हे.

"आपल्या दर्यात जे राहतं, तसलीच माणसं नकोत का?" म्हणत त्यानं शिवडीच्या चिखलातून जिवंत खेकडा आणला आणि तासभर खोलीत फिरवला. हा आडवा चालतो, मग ह्याची बाई लुगडं सावरील तरी कशी? तिसरी म्हणजे शिंपल्यातला जीव, तिची बाई लाजाळू, दोन शिंपल्यांआडून बघणारी. कोळंबीच्या बाईला मिशा ठेवाव्यात की त्यांच्याच दोन वेण्या घालाव्यात, यावर दोन दिवस गेले.

बायको रखमा कावली. "कालवणाचं सामान आधी वहीत उतरायचं, मग पातेल्यात. आम्ही जेवायचं कधी?"

खरा जीव ओतला तो बोंबलाच्या बाईत. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून घरच्या डब्यातला बोंबील पुढ्यात ठेवूनच त्यानं ती घडवली. हडकुळी, सुरकुतलेली, आ वासलेली. कोंडीराम खूश!

मंडळाचा चिटणीस जगदीश मात्र साशंक होता. "कोंडीराम, मासेवाल्या चंपाबाईला ह्या बाया दाखव. कोळणींनीच ओळखल्या नाहीत, तर आपलं हसं होईल. मग फणसवाडीच्या पेंटरला बोलावतो, बघ." देखावा हातचा गेला, तर गिरणीबाहेर त्याचं असं राहणार काय होतं?

वरळीची चंपाबाई चाळीत मासे विकायला यायची. नारळी पौर्णिमेनंतर ती ताजी पाटी घेऊन आली. खेकडीण बघून हसली, शिंपल्यातल्या तिसरीला "अगो बाय!" म्हणाली. बोंबील-बाईपुढे मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही कोन रं?"

"बोंबील."

"मेल्या, हा बोंबील नाय, बोंबलाचं मढं हाय! सुका बगून केलास न्हवं?"

कोंडीराम ओशाळला. घाटावरच्या घरात बोंबील म्हणजे सुकाच. ओल्याकडे त्यानं कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. चंपाबाईनं पाटीतला एक ओला बोंबील त्याच्या तळहातावर टाकला. मऊ, लिबलिबीत, फिकट गुलाबी. त्यानं तो खिडकीकडे धरला आणि लाज कुठल्या कुठे पळाली. अरेच्चा, ह्यातून उजेड येतोय!

पण लगद्यातून उजेड यायचा कसा? दोन दिवस डोकं खाजवलं, मग गिरणीतल्या मलमलीच्या चिंध्या आठवल्या. तारेच्या सांगाड्यावर त्यानं थरावर थर चढवले, फिकट गुलाबी रंगवले, आत बल्ब लावला.

चतुर्थीला जगदीशनं गर्दीसाठी मोठा पंखा लावला होता. चंपाबाई चार कोळणी घेऊन आली. त्याच्या वाऱ्यानं बोंबील-बाईची मलमल हलत होती. चंपाबाई जवळ गेली, टक लावून बघत राहिली.

तिनं मागे वळून जगदीशला दरडावलं, "तो पंखा बंद कर आधी. सुकंल ना रं ती!"