साकु की हाकु?

खासबागेतल्या माझ्या गाड्या रंगवायच्या शेडसमोर एका सकाळी क्रीम रंगाची कोरी गाडी येऊन थांबली… ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शेड नवीन, पत्रे उधारीचे, आणि कोरी गाडी दारात येण्याची ती पहिलीच वेळ.

गाडी एका तरुण डॉक्टरांची. नंबर लावून काही वर्षं वाट बघितल्यावर मिळालेली. आठवड्यातून दोनदा नंदगडला दवाखाना, रस्ता खडीचा… चाकातून खडी उडून रंगाचे टवके निघू नयेत म्हणून खालून काळं कोटिंग मारून हवं होतं. मडगार्डच्या आतून, आणि दारांना खाली वीतभर. तेवढंच.

डॉक्टर शेजारी पेशंट बघायला गेले. त्यांचे वडील, आप्पा, माझ्या बाकावर बसून राहिले. आप्पांची बोली निम्मी कन्नड, निम्मी मराठी… आमच्या सीमाभागात बहुतेकांची तशीच.

मी वीतभर सोडून वर जुने पेपर चिकटवले आणि कॉम्प्रेसर सुरू केला. आता माझ्या कानांचं गावात नाव होतं. पत्र्यावर टिचकी मारून रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, किती भरलीय ते सांगायचो. त्या घरघराटातही आप्पांचा आवाज आला… "हाकु."

हाकु म्हणजे मार, लाव. म्हातारा खूश दिसतोय, म्हणून मला आणखी चेव आला. पेपर काढले आणि निम्म्या दारापर्यंत काळं मारलं… चारही दारांना.

कॉम्प्रेसर बंद केला तर आप्पा माझ्याजवळ उभे. हात आडवा धरलेला, चेहरा उतरलेला.

"मी साकु म्हटलं रं."

साकु म्हणजे पुरे.

एवढ्या वर्षांची वाट बघून आलेली गाडी, आणि मी तिला निम्मी डांबरात बुडवली होती.

मी काही बोलायच्या आत आप्पांनी रॉकेलचा बोळा उचलला आणि दार पुसायला बसले. पुसता पुसता हळूच म्हणाले, "नंदगडच्या वाटंची खडी मीच फोडलीया. तिला किती भ्यायचं?… म्हणून साकु म्हटलं."

डॉक्टर परतले तेव्हा आम्ही दोघं खाली बसून दारं घासत होतो. मी चूक सांगितली. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या आणि चौथं दार घेतलं.

काळं निघालं, पण मागच्या दारावर पुसट तांबूस सावली राहिली. पॉलिश करून देतो म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, राहू दे… साकु-हाकुचा घोळ ऐकताना वडील मध्येच हसले होते, म्हणून असेल.

नंतर बरेच दिवस विचार केला. कान माझे चांगलेच होते… पण मला काम दाखवायचं होतं, म्हणून 'पुरे' ऐकूच आलं नाही. बाकावरच्या म्हाताऱ्याकडे एकदा मान वळवून बघितलं असतं, तर तो आडवा हात दिसला असता.

त्या दिवसापासून शेडमध्ये नियम झाला. वीतभर मारून झालं की मशीन बंद करायचं, गिऱ्हाइकाकडे बघायचं आणि विचारायचं… साकु की हाकु?

माझे कान तिखट आहेत असं लोक अजून म्हणतात. मी कॉम्प्रेसर बंद करून ऐकतो, एवढंच.