मागच्या दाराने

मुलगी सव्वा वर्षाची झाली तेव्हा मी इस्लामपुरातल्या एका शाळेत शिकवत होते. नवरा फौजेत, सासर लांब औंधकडे. त्यामुळे तिला शेजारच्या मावशींकडे ठेवावं लागे. मावशी दुष्काळात जतच्या कानडी भागातून आलेल्या, एकट्याच राहायच्या.

सकाळी त्या चिमण्या दाखवायला मुलीला पुढच्या अंगणात न्यायच्या आणि मी मागच्या दाराने निसटायचे. ही युक्ती माझीच. तिचं रडणं मला ऐकवत नसे.

संध्याकाळी मी परतले की ती माझ्याकडे झेपावत नसे. मावशींच्या खांद्यात तोंड खुपसायची आणि त्यांना 'अव्वा' म्हणायची. कानडीत अव्वा म्हणजे आई, एवढं मला ठाऊक होतं. या बाईने पोर फितवली, असं माझ्या मनाने घेतलं. दिवसभर पोरीचा आवाज नसतो, असं शेजारी सांगत. मग वाटायला लागलं, अफू चाटवत असेल, नाहीतर पोर एवढी गप्प कशी राहते? रोज घरी नेऊन मी तिचं तोंड हुंगायचे. काही सापडत नसे, पण संशय काही जाईना.

एक दिवस डोकं दुखतं म्हणून सांगून मी मधल्या सुट्टीतच शाळेतून निघाले आणि मावशींच्या खिडकीतून आत डोकावले. मुलगी दाराआड बघत होती. मग पिंपामागे गेली. मग तिने गोधडी उचलून खाली पाहिलं. मावशी नुसत्या तिच्यामागून फिरत होत्या.

मी आत जाऊन जरा चढ्या आवाजातच विचारलं, हे काय चाललंय?

"तुमाला हुडकती," मावशी म्हणाल्या. "रोज हुडकती. मग दमून निजती."

मी अव्वाचं काढलं. त्यांच्या गावाकडे सगळ्याच म्हाताऱ्यांना तसं म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. अफूचा शब्द माझ्या तोंडून निघालाच नाही.

"तुमच्यावर रुसलीया ती. तुमी कवा गायब व्हाल, ह्येचा तिला भरवसा न्हाई. रडंल, पर सांगून जावा."

घरी मी न्हाणीत गेले तरी ती पदर धरून का येते, ते मला तेव्हा उमगलं.

दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसून, शाळेत जाते, संध्याकाळी येते, असं सांगून मी पुढच्या दाराने निघाले. तिचा टाहो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. आठवडाभर तसंच चाललं. मग एका संध्याकाळी ती दारातच उभी दिसली. जवळ जाताच तिने माझ्या पायावर एक चापट मारली आणि घे म्हणून दोन्ही हात वर केले.